फलकावरचे आकडे

लाईन बाजारच्या पुढं, कचऱ्याच्या डोंगराखाली
शाळेच्या सहलींसाठी एक फलक लावलाय.
केळीची साल: एक महिना.
वर्तमानपत्र: दीड महिना.
चामड्याची चप्पल: चाळीस वर्षं.
दुधाची पिशवी: पाचशे.
पोरं नाकाला रुमाल लावून वहीत उतरवून घेतात.
एकानं विचारलं होतं,
काकी, पाचशे वर्षं मोजायला कोण बसलं होतं?
बाईंनी त्याला रांगेत मागं पाठवलं.
मी हसले,
आणि रात्री झोप लागेना.

मी मोजणारी नव्हे, निवडणारी.
चाळणीतून पट्ट्यावर येईल ते हातानं वेगळं करायचं,
चिंध्या इकडं, काच तिकडं, चपला पाठीमागं.
वर दस्तगीर पोकलँड चालवतो.
त्याला थर कळतात.
वरचा वेफर्सच्या पाकिटांचा, लांबून चांदीच वाटावी असा.
त्याच्याखाली एकोणीसच्या पुराचा:
चिखल पिऊन दगड झालेल्या गाद्या,
शाहूपुरीतल्या कुणाचा तरी सोफा,
दहावीच्या वह्या, एकमेकींना कायमच्या चिकटलेल्या,
आणि एक कॅरम, राणी अजून भोकातच.
त्याच्याखाली पिशव्या.
पिशव्यांखाली पिशव्या.

माझा बाप सुभाषनगरात चपला शिवायचा.
बाभळीच्या सालीत मुरवलेलं कातडं,
त्याच्या हाताचा वास आम्ही जेवतानाही ओळखायचो.
परवा पट्ट्यावर एक आली,
तळ झिजून गेलेला, वेणी जशीच्या तशी.
उलटी करून टाका बघितला.
बापाचा नव्हता.
तेवढ्यात पट्टा वीस हात पुढं गेला
आणि मुकादम माझ्या नावानं ओरडला.

मंगळवारी दस्तगीर फार खाली उतरला.
वाफ आली. काळं पाणी आलं.
ओटीच्या नारळांच्या करवंट्या आल्या,
मग कोबीचा एक गड्डा.
वरची पानं काळी, चिकट.
मी सोलत गेले.
आत हिरवा.
त्याच्याच शेजारी घडी घातलेला पेपर,
तारीख दोनदा वाचली: दोन हजार सात.
तेव्हा माझं लग्नसुद्धा ठरलं नव्हतं.
उसाचा दर. खासबागेतल्या कुस्तीचा निकाल.
खालच्या कोपऱ्यात काळी चौकट, प्रथम पुण्यस्मरण,
तानुबाई दत्तोबा वडणगेकर.
डोक्यावर पदर, ओठ घट्ट मिटलेले,
फोटोवाल्यावर रागावल्यासारखी.
शोकाकुल: समस्त वडणगेकर परिवार.
दीड महिना म्हणतो फलक.
अठरा वर्षांत
तानुबाईच्या चष्म्याची काडीसुद्धा पुसली नव्हती.

दस्तगीर खाली आला, बघितलं, तंबाखू मळत म्हणाला,
"दाबून ठिवलंय न्हवं. आत हवाच न्हाई.
कुजायला बी वारा लागतोय, ताई."

मला धाकटा भाऊ आठवला.
दारातल्या दीड हात जागेवरनं
बारा वर्षं आम्ही बोलत नाही.
लोक म्हणतात, जाऊ दे, जुनं झालं.
कुणी सोलून बघितलंय?

कागद इथून सिमेंटच्या भट्टीला जातो, जाळायला.
तानुबाईला मी नाही पाठवलं.
फलकाच्या खांबाला एक खिळा होता,
तिथं अडकवली, वाऱ्याला.
दुसऱ्या दिवशी कडा तांबूस झाल्या.
गुरुवारी बावड्याची शाळा आली.
एका मुलीनं विचारलं, ही आजी कोण?
म्हटलं, मोजायला बसलीय.
तिनं तेही वहीत लिहून घेतलं.

रविवारी येऊन बघते,
तर शेळीनं शोकाकुल परिवार खाऊन टाकलेला,
चौकटीची एक काळी रेघ तेवढी खिळ्याला.
दीड महिना कसला.
पाच दिवस.