बंदर

शुक्रवार. सोहारमध्ये जुम्मा आटोपून, जेवून
लोक आडवे झालेत.
खोली नंबर चौदा. एसीचं पाणी बादलीत टपटपतंय,
पलीकडच्या खाटेवर निहाल भिंतीकडे तोंड करून,
आणि मी दाभोळच्या घरातला कॉम्प्युटर
इथून उघडायला बसलोय,
सलग चौथा शुक्रवार.

काम एवढंसंच. त्यात सातबाऱ्याचा स्कॅन आहे,
भावाला तलाठ्याकडे न्यायचाय.
पेन ड्राइव्ह जमत नाही म्हणते मैमुना.
मला वाटतं, जमवायचं नाही.

इथून नेटवरचे कॉल लागत नाहीत.
म्हणून आवाजाचे निरोप, अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे,
मागे कोंबड्या, मिक्सर, अदनानच्या सायकलची घंटी.
मी विचारतो, राउटरवर कुठला दिवा लागलाय?
चाळीस मिनिटांनी उत्तर: मामू, सगळेच.

पहिल्या शुक्रवारी कळलं,
आमच्या घराला पत्ताच नाही.
केबलवाल्याने अख्ख्या मोहल्ल्यात मिळून एकच दिलाय;
बाहेरची हाक वेशीपर्यंत येते,
कुणाच्या घरची ते न कळून परत फिरते.
हसू आलं. इथे माझा पत्ता
म्हणजे कंपनीची पोस्टाची पेटी,
एका किल्लीमागे अकराशे माणसं.
महिन्याला दोनशे जास्त मोजले.
आता इंटरनेटवर तरी ते घर आमच्या एकट्याचं,
वाटणीच्या आधीच.

दुसऱ्या शुक्रवारी पोर्ट.
अदनानला म्हटलं, पोर्ट म्हणजे बंदर समज,
पाच हजार नऊशे नंबरचं,
राउटरमध्ये जाऊन उघडायचं.
तो म्हणाला, बंदर गाळाने भरलंय, मामू,
फेरीबोट तेवढी चालते.
ह्याच किनाऱ्याला पणजोबांचं गलबत लागायचं म्हणतात,
कौलं उतरवायची, खजूर भरायचा.
धक्क्यावरून नाव विचारायचे
आणि दोर फेकायचे.

तिसऱ्या शुक्रवारी सगळं बरोबर, तरी दार बंद.
रात्री दीडला, नाइट शिफ्टच्या बसमध्ये सुचलं:
मध्ये वीज गेली होती,
राउटरने घरातले नंबर पुन्हा वाटले.
सात होता कॉम्प्युटरचा, तो गेला मैमुनाच्या फोनला,
कॉम्प्युटर अकरावर.
म्हणजे आठ दिवस मी
तिच्या उशाशी ठेवलेल्या फोनवर ठोठावत होतो,
आणि फोन वाजतही नव्हता.

आज अकरा लिहिलं.
आधी काळोख. मग वरून खाली, ओळीओळीने,
चटई उलगडावी तसं घर आलं:
कोपऱ्यातलं घड्याळ दीड तास पुढे,
अदनानचे गेम, सातबाऱ्याची फाइल,
आणि मधोमध पत्त्यांचा डाव, अर्धा.
ती खेळते, हे कधी बोलली नव्हती.

इस्पिकची नव्वी बदामच्या दश्शीवर बसत होती.
मी उचलून बसवली.
थोडा वेळ काहीच नाही.
मग बाण माझ्या हाताखालून सरकला,
माझी चाल मागे घेतली,
आणि दुसरीच खेळली,
जी मला दिसलीच नव्हती.

मी हात काढला नाही.
तिनेही नाही.
चौकटची राणी उचलली गेली,
कुणी उचलली सांगता यायचं नाही,
किलवरच्या राजाकडे निम्म्या वाटेत असताना
घड्याळ थांबलं. तीन सत्तावीस.
तिकडे वीज गेली असणार.

निहालने कूस बदलली, विचारलं, लागलं का?
लागलं म्हटलं.
पडद्यावर राणी अधांतरी.
खिडकी बंद करून पुन्हा उघडायची असते अशा वेळी,
मला माहीत आहे, प्लांटमध्ये मीच सगळ्यांना सांगतो.

सातबारा राहिला.
अकरा नंबर कॉम्प्युटरला कायमचा बांधून ठेव,
हेही अदनानला सांगायचं राहिलं.
वीज येईल तेव्हा राउटर पुन्हा वाटत बसेल,
सात कुणाला, अकरा कुणाला.