धरायला जागा

चार वर्षं मी घामावर जगले.
आकेंच्या गॅरेजवरचा तो हॉल,
अंगाला चिकटलेला रॅशगार्ड, आखूड चड्डी,
आणि मडगावची हवा, आधीच अर्धी ओली.
कुणी धरलं की मी सुटायचे,
विळीवरून उसळी मारणाऱ्या मुडदुशीसारखी.
व्हालेरियन सर म्हणायचे, तुझी अक्कल पायांत आहे.
मला ती स्तुती वाटायची.

मग सरांनी मंगळवार-शुक्रवार गीचे केले.
गी म्हणजे जाड सुती अंगरखा,
गोणपाटाच्या नात्यातला,
विजार, आणि कमरेला पट्टा. पांढरा.
चार वर्षांनंतर पुन्हा पांढरा.
आईनं तो धुऊन बाल्कांवच्या कठड्यावर टाकला.
तीन दिवस वाळला नाही.
चौथ्या दिवशी म्हणाली,
हा कुणाचा पाहुणा आणून ठेवलायस?
जातही नाही, बोलतही नाही, नुसता वास मारतो.

पहिल्याच शुक्रवारी समोर रेजिनाल्द.
वय चौपन्न. कुठ्ठाळीला बर्फाच्या कारखान्यात
तीस वर्षं लाद्या ओढलेला,
गुडघ्याला पट्टी, पोट पट्ट्याच्या वर.
याला मी सगळा उन्हाळा दमवला होता.
त्यानं माझ्या बाहीची घडी मुठीत घेतली,
दुसऱ्या हातात कॉलर, कानाच्या जरा खाली,
आणि बसून राहिला.
कदंबाच्या थांब्यावर बसतात तसा.
मी ओढलं, वळले, कंबर काढली,
जिथं म्हणून जावं तिथून
माझीच बाही मला परत आणायची.
"राव गो, खंय धांवता?"
त्याचा श्वाससुद्धा वाढला नव्हता.
मग माझी कॉलर सावकाश
माझ्याच गळ्याभोवती आली.
टॅप केला.
त्या हॉलमधला पंखा आवाज करतो
हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं.

दोन महिने हेच.
अंगभर मुठीच मुठी घालून मी यायचे,
दुसऱ्यांच्या सोयीनं शिवलेल्या.
निसटणं माझं नव्हतं तर. हवेचं होतं, घामाचं होतं.
हे कळायला ऑगस्ट उजाडला,
आणि कळलं म्हणून काही सुधारलं असंही नाही.

बोटं सुजली.
मी पोस्टात रजिस्टर पत्रांवर शिक्के मारते.
शिक्का हातातून निसटायला लागला
(त्याला जमत होतं अजून).
काउंटरपलीकडच्या बाईंनी विचारलं, संधिवात?
एवढ्या लहान वयात?
सकाळी खोबरेलाचं झाकण उघडेना.
आईनं ते उघडून दिलं
आणि वेणी घालायला मागे बसली, विचारलं काही नाही.

रेजिनाल्दनंच एकदा, पाणी पिता पिता, दाखवलं.
करंगळीपासून धर.
अंगठ्याला निजू दे.
बर्फाची लादी अशीच धरायची,
जोर केलास तर ती हात खाते.
त्याच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना नखं नाहीत
हे मी तेव्हा पाहिलं.

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी
मी त्याची बाही धरली आणि काहीच केलं नाही.
तो ओढत होता.
खाली कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं,
किक, परत किक.
मी बसले होते.
जिंकले वगैरे नाही. घड्याळ वाजलं, आम्ही उठलो,
त्यानं पट्टा सारखा केला आणि माझ्याकडे
जरा जास्त वेळ बघितलं.

रविवारी पुन्हा नो-गी, जुना खेळ.
माझा हात आपोआप त्याच्या मानेकडे गेला.
कॉलर नव्हती.
ओली कातडी, साखळीचा पांढुरका माग,
आणि हसत हसत तो निघूनसुद्धा गेला,
पोटासकट, गुडघ्यासकट, चक्क मुडदुशीसारखा.

मॅटवर मी, आणि माझी मूठ वर,
करंगळीपासून नीट मिटलेली.