चारशे सहा

भाड्याच्या घराची वास्तुशांत करतात का,
हे विचारायला मी मिरजेला फोन लावला.
सुशाआत्या म्हणाली, भिंती मालकाच्या असतील,
दूध तर तुझं ना? मग जाऊ दे उतू.

म्हणून यादी केली.
दूध दोन लिटर, घट्ट.
नारळ रोल्यातून; तिथे भादरलेलेच असतात,
शेंडीवाला मागून घ्यायचा.
आंब्याची पानं तळमजल्यावरचा कुट्टी आणणार,
कुठल्या झाडाची, ते विचारायचं नाही.
होम नको. छताला चिकटलेला धुराचा पहारेकरी
तांबडा डोळा मिचकावतो रात्रंदिवस,
आणि इमारतीचा नातूर बजावून गेलाय:
उदबत्ती एक, खिडकी उघडी.
खुर्च्या सहा.
माणसं एकतीस.

एकतीस कशी झाली, निरंजन विचारतो,
अकरा होती की.
मग ज्यांच्या घरी गणपतीत जेवलो ते आले,
ते आले म्हणजे त्यांची भावजय आली, व्हिजिटवर आहे,
आणि पार्टिशनमधली ती तिघं कशी वगळायची,
चार वर्षं प्लायवुडच्या पलीकडून
ज्यांनी आपलं प्रत्येक भांडण ऐकलं
आणि सकाळी गॅसपाशी काहीच न ऐकल्याचं तोंड ठेवलं?
त्यांतले मुकादम, राजापूरचे, फोनवरच म्हणाले,
मसालेभात माझ्याकडं.
तुमचा अंदाज चुकतो, मी पाहिलाय.

शुक्रवारी सातपासून सगळ्यांचा एकच प्रश्न,
पार्किंग.
मशिदीमागच्या वाळूत, मी सांगत राहिले,
बंद सलूनच्या पुढे, डाव्या हाताला.
चपला दारातून लिफ्टपर्यंत गेल्या.
कुणीतरी घड्याळ आणलं, कुणीतरी घड्याळ,
आणि कुणीतरी, देवा, तिसरं घड्याळ.

साडेआठला दूध ठेवलं.
विजेची शेगडी, भोवती सगळा गोतावळा,
आत्या कुणाच्या तरी हातातल्या फोनमध्ये, आडवी.
दूध ढिम्म.
साय धरली, सुरकुतली, वर म्हणून येईना.
झालं का गं? झालं का?
मग नेटवर्कनं आत्यालाही गोठवलं, तोंड उघडं ठेवून.

तेव्हा बेल वाजली.
दारात एक उंच बाई, अंगभर गुंडाळलेलं पिवळं वस्त्र.
इलहाम, खार्टूमची. याच घरात अकरा वर्षं.
बँकेचं पाकीट अजून या पत्त्यावर येतं, तेवढं हवं होतं,
माफ करा, पाहुणे आहेत, उद्या येते.
बोलता बोलता आमच्या डोक्यांवरून
तिची नजर ओट्याकडे गेली.
कपाळाला हात लावला, चपला काढल्या, सरळ आत.
ही नाही, ही कधीच तापत नाही.
पातेलं मागच्या डाव्या चकतीवर सरकवलं,
बटणाच्या वर भिंतीला एक चापट दिली.
चकती लाल.

दूध चढलं. काठाशी आलं. गेलं.
फेस शेगडीवर, कट्ट्यावर, फरशीवर,
आणि इलहामचा हात फडक्याकडे.
राहू दे! एकतीस तोंडांतून एकदम.
ती दचकली.
मी समजावलं, आमच्यात आज सांडायचंच असतं. मुद्दाम.
ती ओघळाकडे बघत राहिली.
अकरा वर्षं, म्हणाली, मी पुसत होते.

जेवली. तिखटावरून मुकादमांशी अरबीत भांडली.
निघताना बेडरूमच्या चौकटीशी थांबली.
मालकानं मारलेल्या ताज्या पांढऱ्या रंगावर
तिनं तळवा टेकला, माझ्या कमरेएवढ्या उंचीवर,
मग थोडा वर,
मग आणखी वर.
मी विचारलं नाही.

रात्री एक वाजता आम्ही दोघं, खरकटी ताटं,
तीन घड्याळं, तिन्हींत वेगळी वेळ.
करपल्या दुधाचा वास पडद्यांत बसलेला.
फ्रिजवर बँकेचं पाकीट तसंच.
निरंजन म्हणाला, विसरली वाटतं.
मी त्यावर चुंबक ठेवलं.