आठवा वाफा

शिरोड्याच्या जुन्या मिठागरात
सात वाफ्यांवर आता लालसर काच आहे.
आठव्यावर नाही. तो तुलनेसाठी उघडा,
असं वहीच्या पहिल्या पानावर मीच लिहिलंय.

ही काच ऊन अडवते, त्याची वीज करते,
आणि तिला नको तो तांबडा उजेड खाली सोडते.
खालच्या शेवाळाला तेवढा पुरतो.
त्या उजेडात हिरवं पाणी
काळं दिसतं, शाईसारखं.
पहिल्या दिवशी मला वाटलं, मेलं सगळं.
ओंजळभर बाहेर आणलं. हिरवंगार.

बाबा, म्हणजे सगुण आरोलकर,
पन्नास वर्षं मीठ ओढलेला माणूस,
बांधावर बसून म्हणाले,
"अर्धा ऊन खाता, अर्धा खाली सोडता.
ह्या छप्पर आसा की दलाल?"

मिठाला ऊन कधी जास्त होत नसे.
कापसाच्या बोंडाएवढा ढग आला
तरी त्यांच्या कपाळाला आठी.
आमच्या घरात सावली हा शब्द
नुकसानीच्या खात्यात मांडलेला.

काचेच्या विजेवर चाक फिरतं, पाणी ढवळतं.
खारा वारा काच धुरकट करतो,
रोज ओल्या पंचाने पुसायची.
घारीची शीट सगळ्यात चिवट.
मग गाळायचं, दाबायचं,
सोऱ्यातून शेवेसारखं जाळीवर घालायचं.
कुमुद वहिनी ते खात नाही. तिची शेळीही नाही.

मी काठी बुडवते, टोकाला पांढरी चकती.
ती दिसेनाशी होईतो किती बोटं, ते लिहायचं.
चौथ्यात तीन बोटं. दाट.
सहाव्यात साडेतीन.
आठव्यात, एप्रिलच्या भर दुपारी,
सात, आणि काठाला पिवळट फेस.
उजेडानेही जीव गुदमरतो,
हे मी बाबांना सांगितलं नव्हतं.

काल जेवायला हाक मारली, ओ नाही.
बघते तर आठव्या वाफ्यात
गुडघाभर पाण्यात उभे,
काठ्यांवर नारळाच्या झावळ्या टेकवत.
निम्मं पाणी सावलीत आलं होतं.
"तुझी वही बिघडतली," म्हणाले,
"पण ह्याका चटको बसता."

थांबवायला हवं होतं. तुलना गेली.
मी काठी बुडवली, झावळ्यांखाली एकदा,
एकदा उघड्यावर,
आणि वहीत उभी रेघ मारून लिहिलं:
आठवा अ. आठवा ब.