आनुषंगिक

आरमोरीहून आणलेला ड्रोन
धानावरच्या तुडतुड्यासाठी होता.
वारा बांधावरून ऐनाच्या झाडांकडे वळला,
एवढंच.

पंचनाम्यात मी लिहिलं :
आनुषंगिक हानी. कोसाअळ्या, अंदाजे चार हजार.
अंगठा द्यायच्या आधी पारबता दिघोरे म्हणाली,
"आनुषंगिक म्हंजे का जी?"

म्हणजे... मारायचं नव्हतं.
सोबत मेलं.

ती झाडाखाली गेली, कान दिला.
काल इथं पानं खाण्याचा आवाज होता,
कुणी रात्रभर सुपात धान घोळवावं तसा.

मग म्हणाली,
"आमी त कोसे जानूनच उकडतो,
आतल्या जिवासकट.
त्याच्यासाठी कोनता शबुद आहे
तुमच्या कागदावर?"

तसा रकाना नव्हता.
अंगठ्याची शाई
तिनं ऐनाच्या सालीला पुसली.