सहा मिलिमीटर

डॉक्टर मुथांनी एक्स-रे उजेडावर धरला,
पेनाचं टोक टेकवलं,
हा बघा. सहा मिलिमीटर.

एवढाच?
ह्याच्यापायी परवा वैदुवाडीच्या सिग्नलला
मी दांडी धरून दुमडले होते
आणि मागून कुणीतरी म्हणालं,
बाई, माझे सुट्टे राहिलेत.

घरी निकाल आधीच लागला होता.
कॉफीनंच झालं.
सासूबाईंनी डबा फडताळाच्या डोक्यावर सरकवला,
तोरणेवहिनींनी टोमॅटो बंद केला, वांगं, पालक,
मग दूधसुद्धा.
सासवडहून जाऊबाईंचं हुलग्याचं माडगं आलं
आणि पानफुटीची पानं, अनशापोटी, सात.
माझी खडान् खडा माहिती ठेवणाऱ्यांना
हा एक तेवढा नवीन होता.

डॉक्टर म्हणाले, कॉफी प्या की दोन कप,
तिच्या नावानं खडे फोडू नका,
आणि स्वतःच हसले.
पालक बेतानं. लोणचं, पापड कमी.
दूध-दही कुणी बंद केलं? चालू करा.
पाणी किती पिता?

पहाटे साडेचारला अर्धा पेला.
मग डेपोत, दुपारी दोनला.

मधे?

मधे स्वारगेट ते भेकराईनगर,
भेकराईनगर ते स्वारगेट.
शेवटच्या स्टॉपला शेडगे ड्रायव्हर
भिंतीपर्यंत जाऊन येतात,
मी चिल्लर मोजते.
मोजून झालेली पुन्हा मोजते.
बाटली असते पिशवीत, भरलेली,
घरी नेऊन कुंडीत ओतते.

पेन थांबलं थोडं.
मग लिहिलं, रोज तीन लिटर.
कुठं जायचं, ते लिहिलं नाही.
ते त्यांच्या हातात नव्हतं.

अकराव्या दिवशी चहाच्या जुन्या गाळणीत
टक् वाजलं.
आयुष्यभर तांदळातले निवडले,
हा पहिला घरचा.
काळपट, काटेरी,
बाजरीच्या दाण्याहून थोडा मोठा.
आगपेटीत कापसावर ठेवला.

सोमवारी डेपो मॅनेजरच्या टेबलावर
अर्ज ठेवला, सतरा जणींच्या सह्या,
भेकराईनगरला बायकांसाठी एक संडास, कडीसकट.
वर आगपेटी.

हे काय, बाई?

म्हटलं, खडा टाकून बघतेय, साहेब.

त्यांनी खुर्ची जराशी मागं घेतली.
बाहेर शेडगेंनी हॉर्न दिला.
मी तिथंच उभी राहून
बाटलीचं बूच काढलं.