उरलेले टक्के

देवनार आगारात, तिकीट विभागाच्या मागे माझी खोली.
दीडशे खोबण्यांचं कपाट, प्रत्येक खोबणीत एक लोंबती वायर,
रात्री साडेदहापासून
मशीनं परत यायला लागतात.

मी रोल काढते, कीपॅडवरचा घाम पुसते,
वायर जोडते, दिवा लागला की पुढचं.
नणंद विचारते, वहिनी, तुम्ही नक्की करता काय?
दुसऱ्यांची दमणूक भरून काढते, म्हणते.
ती हसते. तिला वाटतं मी चहा करते.

बारा वर्षांत एवढं कळलं,
बॅटरीला उपास सोसत नाही आणि अजीर्णही.
रोज शून्यावर नेली तर खचते,
शंभरावर रात्रभर टांगली तर फुगते,
गळवासारखी, झाकण उचलून वर येते.
नव्या पोरांना सांगते, वीसच्या आत येऊ देऊ नका रे,
जेवायच्या सुट्टीत पंधरा मिनिटं लावा.
हो मावशी, म्हणतात
आणि मेलेलीच आणून टाकतात.
माझा स्वतःचा फोन आत्ता चार टक्क्यांवर आहे,
ते सोडा.

उरलेल्या आकड्यावरून मला दिवस कळतो.
वनिता खरटमल, एकोणीस : बैंगनवाडी, शाळा सुटायची वेळ.
रफिक इनामदार, बासष्ट : गाडी मैत्री पार्कला बंद पडली असणार.
डिकास्टा रोज चव्वेचाळीस.
कसं जमवतो, देव जाणे.

मोरेश्वर घाडींचं मशीन मात्र
दुपारी दोनलाच मान टाकायचं.
पुढच्या फेऱ्या हाततिकिटांवर.
बॅटरी बदलली. पुन्हा बदलली.
मग मशीनच बदललं, सत्त्याऐंशी नंबरचं दिलं.
तेही दोनला.

एका रात्री वायर जोडून सहज चालू केलं
आणि खोलीभर उजेड.
पडद्याचा प्रकाश अगदी टोकाला नेलेला,
अक्षरं एवढी मोठी की थांब्याचं नाव मावेना,
'चेंबूर ना' एवढंच.
मी प्रकाश अर्ध्यावर आणला, सगळ्यांचा असतो तसा.
वाटलं, चोर सापडला.

दुसऱ्या दिवशी घाडींच्या हिशेबात एकशे चाळीस कमी.
पाचाच्या जागी दहा, दहाच्या जागी पाच.
खिशातून भरले त्यांनी, काही बोलले नाहीत.
भरताना प्रत्येक नाणं
अंगठ्याच्या नखाने कडेला चाचपून ठेवलं.
तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, उशिरा.

कर्णिक साहेबांनी विचारलं, सत्त्याऐंशी एवढी का खाते?
बॅटरी जुनी आहे साहेब, म्हटलं.
रजिस्टरातही तेच लिहिलं. शाईने.
निवृत्तीला अकरा महिने होते त्यांच्या.

मग भाच्याने दिवाळीला दिलेली पॉवर बँक
भरून त्यांच्या पट्ट्याला रबरबँडने बांधून दिली.
हे काय?
नवा नियम आलाय.
सगळ्यांना?
तुमच्या मार्गाला.
ते माझ्याकडे बघत राहिले,
म्हणजे माझा आवाज जिथून आला तिकडे.
बरं, म्हणाले. नियम आहे तर.

सात महिने मशीन रात्रीपर्यंत जगलं.
पॉवर बँक रिकामी यायची, मी भरायची,
कधी रबरबँडात पानाची पुडी, कधी चार बोरं.
यावर आम्ही कधी बोललो नाही.

काल सत्त्याऐंशी परत आलं, एकाहत्तरवर.
प्रकाश अर्ध्याच्याही खाली,
पॉवर बँक भरलेली, गाठ मी मारली होती तशीच.
वे-बिलावर सही खरटमलची.
घाडी? विचारलं तर वनिता म्हणाली,
सकाळी आले होते, मग कर्णिक साहेबांच्या खोलीत गेले.
पुढचं तिला माहीत नाही.

दिवे सगळे हिरवे झालेत.
सत्त्याऐंशी ऐंशीवर आल्यावर वायर काढली,
प्रकाश टोकापर्यंत नेऊन ठेवला.
ज्याला नको असेल
तो करेल कमी.